पडद्यांचे गोंडे, दोऱ्या आणि झालरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडद्याचं कापड निवडताना माणसं चार दुकानं पालथी घालतात. तो बांधायची वेळ आली की मात्र जुन्या ओढणीची पट्टी नाहीतर केसांचा रबर शोधतात. मी पुण्यात घरातल्याच एका खोलीत पडद्यांचे गोंडे, दोऱ्या आणि झालरी करते, आणि हौशी मंडळींना शिकवतेही. तेच ते प्रश्न फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

गोंडा, टॅसल, लटकन, झालर, झिरमिळ्या, गोफ… नक्की कशाला काय म्हणायचं?

वर डोकं, मध्ये आवळलेला गळा आणि खाली मोकळा झुपका असेल तर तो गोंडा. पडदेवाले त्यालाच टॅसल म्हणतात. लटकन म्हणजे ब्लाउजच्या नाडीला लावतात ते छोटं प्रकरण. ते पडद्याला लावलं तर हत्तीला घुंगरू बांधल्यासारखं दिसतं. पट्टीला ओळीने धागे सोडले की झालर. त्याच झालरीचे धागे विरळ आणि लांब असले की माझी आई त्यांना झिरमिळ्या म्हणायची, आकाशकंदिलाच्या असतात तशा. पीळ देऊन केलेली ती दोरी, आणि पेड एकमेकांत विणून केलेला तो गोफ. पडदा बाजूला बांधून ठेवायच्या दोरीला दुकानात टायबॅक म्हणतात आणि ती बहुतेक वेळा गोंड्यासकटच मिळते.

फ्रान्समध्ये या सगळ्या कामाला मिळून पासमाँत्री असं एकच नाव आहे. आपल्याकडे एकच शब्द नाही, पण वेगवेगळे शब्द भरपूर आहेत.

गोंडा निव्वळ शोभेचा असतो ना? मग एवढा खटाटोप कशाला?

आज शोभेचा, मुळात कामाचा. मागावरून कापड उतरवलं की टोकाला ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोकळे राहतात. त्याच दशा. त्या तशाच सोडल्या तर आडवा धागा निसटत जातो आणि कापड टोकाकडून उसवायला लागतं. म्हणून चार-चार, सहा-सहा दशा एकत्र घेऊन गाठ मारायची. गाठ मारली की खाली आपोआप छोटा झुपका तयार होतो. पैठणीच्या पदराला गोंडे बांधून घेतात त्यामागे हेच मूळ. तेव्हा गोंडा ही आधी गाठ आहे आणि मग दागिना. हे डोक्यात ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत, कारण बिघडलेला गोंडा बहुधा गाठीपाशीच बिघडलेला असतो.

कोणता दोरा घ्यायचा?

शिकताना सुती. तो घसरत नाही, गाठ धरून ठेवतो, चूक झाली तर सोडवता येतो. भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या रंगांसाठी छान, पण एक लडी ८ मीटरची आणि पडद्याचा गोंडा दोरा पिणारा. हाताशी काम बसलं की कोनवर मिळणारा दोरा घ्या.

झळाळी हवी असेल तर व्हिस्कोज, म्हणजेच रेयॉन. बाजारातल्या बहुतेक चकचकीत गोंड्यांमध्ये हाच असतो. तो वजनाने छान लोंबतो, रंग खोल दिसतो. खोट एकच, ओला झाला की कमजोर पडतो. पॉलिस्टर मजबूत आणि धुवायला सोपा, पण झुपका ताठ उभा राहतो, झाडूसारखा. खरं रेशीम सुंदरच, पण पडद्यावर रोज ऊन येत असेल तर मी स्वतः वापरणार नाही. उन्हाने रेशीम विटतं आणि तुटायला लागतं. लोकर जाड पडद्यांना शोभते; पण तिला कसर लागते.

दुकानदार «रेशीम» म्हणून देतो. खरं कसं ओळखायचं?

दोन इंच धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळा. खाली ताटली, शेजारी पाणी. सुती आणि व्हिस्कोज कागदासारखे भराभर जळतात, वासही जळक्या कागदाचा, मागे हलकी राख. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि टोकाला काळी गोळी धरते, ती बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. दुकानातच हा प्रयोग करू नका, घरी नमुना आणून करा.

आणि हो, आपल्या बाजारात «रेशीम» हा शब्द चकाकणाऱ्या कुठल्याही दोऱ्याला सर्रास लावतात. त्यात दरवेळी फसवायचा हेतू असतोच असं नाही, बोलायची सवय आहे.

पहिला गोंडा कसा करू? घरात जे आहे त्यातून सांगा.

पुठ्ठा, सुती दोरा, दाभण, धारदार कात्री आणि फणी. बस्स.

सहा इंच रुंदीचा कडक पुठ्ठा घ्या. त्यावर दोरा गुंडाळा, १०० वेढे. ओढून नाही, अलगद. ओढलात तर पुठ्ठा वाकतो आणि शेवटचे वेढे आखूड होतात. एका वेढ्याला १२ इंच दोरा लागतो, म्हणजे १०० वेढ्यांना साधारण साडेतीस मीटर. लडीच्या हिशोबात चार लड्या. वेढे मोजताना दर पंचविसाव्या वेढ्याला पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारा. मध्येच दाराची बेल वाजतेच.

आता वरच्या कडेला, वेढ्यांच्या आतून एक जाड दुहेरी दोरा ओवा आणि निरगाठ मारा. हीच पुढे टांगायची दोरी, म्हणून तिला लांब सोडा. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवरचे वेढे कात्रीने सरळ कापा. पुठ्ठा निघाला की हातात मुलीच्या पोनीटेलसारखा झुपका येतो. वरून साधारण सव्वा इंचावर गळा आवळायचा. तो कसा, ते पुढच्या प्रश्नात, कारण तिथे घाई चालत नाही.

१०० वेढ्यांत गळा करंगळीपेक्षा थोडा जाड होतो. तो सरावापुरता. जाड पडद्याला तेवढा गोंडा किडकिडीत दिसतो. तिथे २०० वेढे घाला. जोडीचे दोन्ही गोंडे एका बैठकीत करा. आज एक, उद्या एक असं केलंत तर हाताचा ताण बदलतो आणि खिडकीच्या दोन बाजूंना दोन सावत्र भावंडं लटकतात.

गळा काही दिवसांनी सैल होतो, धागे निसटून पडतात. काय चुकतंय?

गाठ चुकते. बहुतेक जण गळ्याभोवती दोरा चार वेळा फिरवून मागे गाठ मारतात आणि वर फेव्हिकॉलचा थेंब टाकतात. डिंक वाळतो, कडक होतो, आणि रोज ओढला जाणारा झुपका त्यातून सुटतो. बाजारातल्या स्वस्त गोंड्यांचंही हेच रडगाणं.

मी हे काम शिकले एका पटवेकरी काकांकडून. ते सराफी पेढ्यांसाठी दागिने गाठवायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणायचा, दोन्ही हात मोकळे, आणि सगळं काम त्या ताणलेल्या दोऱ्यावर. मी पडद्याचा गोंडा दाखवायला नेला तेव्हा त्यांनी तो बघितलाही नाही. झुपक्यातला एकच धागा चिमटीत धरून ओढला. धागा हातात आला. गोंडा माझ्याकडे परत आला. एक शब्द नाही.

त्यांनी शिकवलेला वेढा असा : मेण लावलेला मजबूत दोरा घ्या. त्याचा एक लांबट फास करून गळ्यावर उभा ठेवा, फासाचं डोकं झुपक्याकडे, आखूड टोक वर डोक्याकडे. डाव्या अंगठ्याने फास दाबून धरा. आता लांब टोकाने गळ्याभोवती आणि फासावरून वेढे द्या, वरून खाली, एकाला एक चिकटून, एकावर एक चढू न देता. पंधरा-सोळा वेढे झाले की उरलेलं टोक फासाच्या डोळ्यातून ओवा. आता वरचं आखूड टोक ओढा. फास आत सरकतो आणि टोकाला धरून वेढ्यांखाली नेतो. अर्ध्यापर्यंत आला की थांबा, पूर्ण ओढला तर टोकच बाहेर येतं. दोन्ही टोकं वेढ्यांच्या कडेला कापा. गाठ कुठेच दिसत नाही, कारण ती आत आहे, सोळा वेढ्यांच्या दाबाखाली.

ताण एवढा हवा की बोटावर दोऱ्याचा वळ उठला पाहिजे. झालं की काकांची परीक्षा घ्या : झुपक्यातला कुठलाही एक धागा ओढा. आला तर उसवा.

महागड्या गोंड्यांना आत लाकडी डोकं असतं. ते कुठून आणायचं?

ते कातीव लाकूड. पाळण्याचे खांब, खाटेचे पाय कातून देणारा कातारी किंवा आजकाल लेथवर काम करणारा सुतार गावात असेल तर त्याला चित्र काढून द्या. उंची दीड ते दोन इंच, मधून आरपार भोक, आणि खालची कड आत वळलेली. ते वळण महत्त्वाचं, त्याच्याखालीच झुपक्याचा गळा बसतो.

तो नसेल तर जुगाड चालतो. मोठे लाकडी मणी दोन एकावर एक ठेवा. शिवणाचं जुनं लाकडी रीळ असेल तर भाग्य तुमचं. एका विद्यार्थिनीने तुटक्या पाळण्याची कातलेली टोकं वापरली होती, माझ्या गोंड्यांपेक्षा देखणी दिसत होती.

लाकूड दोऱ्याने मढवायचं दोन तऱ्हांनी. सोपी तऱ्हा : भोकातून वर, बाहेरून खाली, पुन्हा भोकातून वर, असे उभे फेरे दाभणाने घालत जायचं. पोटावर धागे विरळ होतात, तिथे दोन धाग्यांच्या मध्ये एक अर्धा फेरा घाला. वेळखाऊ तऱ्हा म्हणजे काजाच्या टाक्याची जाळी. वर एक फेरा, त्यात टाके, पुढच्या फेरीचे टाके आधीच्या फेरीत अडकवत खाली यायचं, पोटाला टाके वाढवायचे, गळ्याकडे कमी करायचे. ही जाळी दोन रंगांत केली, आत गडद आणि वर फिका, की बघणारा हात लावल्याशिवाय राहत नाही.

झुपका वाकडातिकडा, कुरळा दिसतो.

दोरा लडीत किंवा कोनवर राहून वळलेला असतो. पातेल्यात पाणी उकळा, झुपका वाफेवर एक फूटभर उंच धरा, अर्धा मिनिट. फणीने वरून खाली विंचरा. मग झुपक्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी घट्ट गुंडाळा, तशीच रात्रभर टांगून ठेवा. सकाळी कागद न काढता, कागदाच्या कडेला धरूनच कात्री चालवा. कागद सोडून मोकळ्या झुपक्याला सरळ कापायला जाऊ नका. इकडचं कमी, तिकडचं कमी करत सहा इंचाचा चार इंच होतो. न्हाव्याकडे लहान मुलांचं होतं तसंच.

जरीचा दोरा असेल तर वाफ नको, तो काळवंडतो.

दोरी घरी वळता येते का? विकतची महाग पडते.

येते, आणि या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते.

तयार दोरी जेवढी हवी त्याच्या तिप्पट दोरा घ्या. एक मीटर दोरीला तीन मीटर. जाडीसाठी असे आठ-दहा धागे एकत्र. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसऱ्या टोकात पेन्सिल अडकवा, आणि पेन्सिल एकाच दिशेने फिरवत राहा. हाताने करायला कंटाळा येतो. घरात ड्रिल असेल तर त्यात वाकवलेला खिळा बसवून हळू वेगाने फिरवा. दोरा किती पिळायचा? थोडा सैल सोडल्यावर तो स्वतःभोवती गुंडाळी घालायला लागला की पुरे.

आता माणूस हवा. एकाने दोन्ही टोकं जवळ आणून धरायची, दुसऱ्याने बरोबर मध्यावर एक जड कुलूप अडकवायचं आणि सोडायचं. कुलूप गिरकी घेतं, दोन्ही पदर एकमेकांत उलट्या दिशेने वळत जातात आणि डोळ्यांदेखत दोरी तयार होते. मुलांना हे काम द्या, भांडतात कुलूप कोणी सोडायचं म्हणून.

ही दोरी सुटत का नाही? धाग्याला उजवीकडचा पीळ दिलाय, तो उलगडायला बघतो. दोरी डावीकडे वळलीय, तीही उलगडायला बघते. दोघांची ओढ एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून दोघंही अडकून राहतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे मात्र टोक बांधायच्या आधी कापलंत तर पीळ क्षणात जातो. म्हणून आधी टोकाला दोऱ्याचे वेढे, मग कात्री.

दोन रंगांची एक युक्ती. दोन्ही रंगांचे धागे पहिल्यापासून एकत्र पिळले तर दोरी ठिपकेदार, मिसळलेली येते. तिरप्या पट्ट्या हव्या असतील तर अर्ध्या लांबीपर्यंत एक रंग, पुढे दुसरा, मध्यावर दोन्ही एकमेकांत अडकवलेले. कुलूप त्या सांध्यावर.

विकतची दोरी कापली की टोक पिसारतं.

कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टीच्या मधोमध कापा. नंतर पट्टीच्या मागे दोऱ्याने वेढे द्या, मग पट्टी सोडवा. पॉलिस्टर असेल तर टोक मेणबत्तीच्या आचेने वितळवून बंद करता येतं. सुती आणि व्हिस्कोजवर हा प्रयोग केलात तर टोक पेट घेईल.

दोरी बरी की गोफ?

खिडकीला ऊठसूट उघडझाक असेल तर गोफ. दोरी रोज हुकात घासून पिसारते, गोफ चपटा बसतो आणि टिकतो. तीन पेडी वेणी सगळ्यांना येते. चार पेडी गोल गोफ थोड्या सरावाने येतो. शिमग्यात गोफ खेळताना पाहिला असेल तर कल्पना येईल : वर बांधलेल्या रंगीत दोऱ्या धरून नाचणारे एकमेकांना ओलांडत जातात आणि वर वेणी पडत जाते, मग उलटं नाचून ती सोडवतात. बोटांनी तेच करायचं. सोडवायची वेळ न आली म्हणजे झालं.

टायबॅक किती लांब हवा? हुक किती उंचीवर?

फूटपट्टीने गणित मांडू नका. पडदा लटकवा, हाताने हवा तेवढा गोळा करा आणि टेप सैलसर गुंडाळून घेर मोजा. नेहमीच्या ४ फूट रुंद पातळ पडद्याला हा घेर १६ ते २० इंच येतो, अस्तर लावलेल्या पडद्याला जास्त. त्यात हुकापर्यंतचे सहा-आठ इंच मिळवा. गोंड्याची लांबी वेगळी.

उंचीबद्दल : पडद्याच्या बरोबर मध्यावर बांधू नका, खिडकी कंबरेत आवळल्यासारखी दिसते. ७ फुटी पडद्याला जमिनीपासून ३२ ते ३६ इंच चांगलं. हुक ठोकायच्या आधी मदतनिसाला तिथे दोरी धरून उभं करा आणि खोलीच्या दारातून बघा. भिंतीला पडलेलं भोक बुजवणं फार कंटाळवाणं असतं.

झालर किती मीटर आणू? आणि शिवल्यावर पडद्याला चुण्या का पडतात?

४ बाय ७ फुटांच्या एका पडद्याला आतली उभी कड आणि खालची कड धरली तर ७ आणि ४ मिळून ११ फूट. जोडीला २२ फूट, म्हणजे पावणेसात मीटरच्या आसपास. कोपरे, दुमड आणि आकसणं धरून सव्वासात मीटर आणा. अर्धा मीटर कमी पडला आणि परत गेलात तर त्याच रंगाचा तोच लॉट मिळेल याची खात्री नाही.

चुण्यांचं कारण बहुतेक वेळा आकसणं. झालर सुती, पडदा पॉलिस्टर. पहिल्या धुण्यात झालर आकसते, पडदा नाही, आणि कड मुरमुऱ्यांच्या पोत्यासारखी गोळा होते. शिवायच्या आधी झालर कोमट पाण्यात भिजवा, सावलीत आडवी वाळवा. दुसरं कारण म्हणजे शिवताना झालर ताणणं. ती सैलसर ठेवा, कोपऱ्यावर तर मुद्दाम दोन इंच जास्त सोडा, नाहीतर कोपरा वर उचलला जातो. टाका मोठा ठेवा.

घरी करायची असेल तर चार इंच रुंद, लांबच लांब पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोरा जवळजवळ गुंडाळा, वरच्या कडेजवळ दोन्ही बाजूंनी एकेक सुती फीत ठेवून टाचून घ्या. पट्टी हळूच एका टोकाकडून सरकवत बाहेर काढा, फितीवर मशीनने दोनदा शिलाई मारा, खालचे फास कापा किंवा तसेच ठेवा. एका खिडकीपुरतं ठीक आहे. पूर्ण घराला करायला बसलात तर दिवाळी कुठली ते आधी ठरवा.

गोंड्याचा रंग पडद्यावर उतरेल का?

उतरतो. माझ्याच हातून झालंय. मोतिया रंगाचे पडदे, त्याला कुंकवासारखे लालभडक गोंडे, दिसायला असे की मीच खूश. पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली, सर आली, आणि पडद्यावर जिथे गोंडा टेकत होता तिथे गुलाबी ओघळ. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, चहा पाजला. ते जास्त लागलं. पडदे मी नवीन करून दिले.

तेव्हापासून प्रत्येक गडद दोऱ्याची परीक्षा : दोरा ओला करायचा, पांढऱ्या सुती कापडात घडी घालायची, वरून गरम इस्त्री दाबून धरायची. कापडावर जरा जरी रंग आला तर तो दोरा फिक्या पडद्याला नाही. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सांगणारे भेटतील. त्या भरवशावर राहू नका. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांच्यावर माझा कायम संशय असतो.

कोणत्या पडद्यांना गोंडे लावू नयेत?

झिरझिरीत पडद्याला जड लाकडी गोंडा नको, कापड ओढलं जातं आणि रेघ पडते. मोठ्या फुलांच्या छापाला बहुरंगी गोंडा नको. छापातला एकच रंग उचला, तोही सगळ्यात कमी दिसणारा. स्वयंपाकघरात तर कुठलाच नको. फोडणीची वाफ आणि धूळ मिळून महिन्याभरात झुपक्याचा तेलकट बोळा होतो, शिवाय गॅस जवळ. देवघराच्या पडद्यालाही समईपासून लांब.

माझं वैयक्तिक मत : साध्या एकरंगी खादीच्या किंवा हातमागाच्या पडद्यावर गोंडा सगळ्यात जास्त खुलतो. जरीच्या मखमली पडद्यावर त्याच्याकडे कोण बघणार?

जुन्या पैठणीच्या पदराचे गोंडे कापून पडद्याला लावू का?

पदरासकट, कापडासकट लावत असाल तर लावा. नुसते गोंडे कापून नाही. ते त्याच कापडाच्या दशांचे असतात; कापले की वरची गाठ कशाला धरून राहणार? शिवाय उरलेला पदर उसवायला लागेल. काठ मात्र छान उपयोगी पडतो : आत कडक कॅनव्हास घालून त्याचा रुंद टायबॅक शिवा आणि गोंडा साधा सुती ठेवा.

साफ कसे करायचे? पावसाळ्यात काय काळजी?

पडद्याबरोबर मशीनमध्ये टाकू नका. मुळात गोंडा पडद्याला शिवूच नका, हुकात अडकवा म्हणजे धुताना काढता येतो. पंधरा दिवसांनी खिडकीबाहेर धरून झटका. व्हॅक्यूम वापरायचा तर नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा बांधा, नाहीतर झुपका आत जातो. डाग पडलाच तर सुती गोंडा गार पाण्यात हलकेच हलवून टांगून वाळवायचा. व्हिस्कोजचा कोरडाच पुसायचा.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात चार महिने काढून ठेवलेले बरे. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आत ओल धरते आणि बुरशी येते. कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. जरीच्या गोंड्यांना डांबराच्या गोळ्या टेकू देऊ नका.

घरात लहान मूल आहे.

मग लांब, फास असलेली दोरी नकोच. मुलाच्या मानेएवढा फास त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर असता कामा नये, आणि खिडकीखाली चढता येईल असा पलंग किंवा खुर्ची नको. मूल मोठं होईपर्यंत कापडी पट्टी आणि वेलक्रो. मण्यांचे गोंडे तर मुळीच नकोत, मणी तोंडात जातात. मांजर असेल तर गोंड्यांचा विचार सोडा, किंवा मांजरासाठी वेगळा करा.

सामान कुठे मिळतं?

पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर. दोन्हीकडे सकाळी लवकर जा, गर्दीत रंग जुळवता येत नाही. पडद्याचा तुकडा बरोबर न्या आणि दोरा दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात धरून बघा. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि हिरवा सारखेच दिसतात. लाकडी डोकी तयार मिळतातच असं नाही, मणी मिळतात.

ऑर्डर घ्यायला सुरुवात केलीय. किंमत कशी लावू?

घड्याळ लावून एक जोडी करा. दोरा, लाकूड, दोरी यांचा खर्च लिहा. मग तासांचे पैसे लावा, आणि ते लावताना लाजू नका. लाकडी डोक्याची, जाळी घातलेली एक जोडी मला पूर्ण दिवस घेते; ती विकतच्या मशीनच्या जोडीच्या भावात देणं शक्यच नाही. «एवढ्याशा गोंड्याला एवढे?» असं विचारणारं गिऱ्हाईक येतंच. त्यांच्या हातात एक विकतचा आणि एक तुमचा द्या आणि दोन्हींतला एकेक धागा ओढायला सांगा.

उरलेल्या दोऱ्यांचं काय करायचं?

मी एका बरणीत टाकत जाते. रंग कसेही मिसळलेले असतात, पडद्याला ते चालत नाहीत. किल्ल्यांच्या जुडग्याला, पुस्तकाच्या खुणेला, आकाशकंदिलाच्या खालच्या टोकाला छोटे गोंडे होतात. आणि पोळ्याच्या आधी बरणी रिकामी करून सगळ्या दोऱ्यांचे दोन जाडजूड गोंडे करते, मामाच्या गावच्या बैलांच्या शिंगांना. तिथे रंग जुळायची गरज नसते, उलट जितके भडक तितके बरे.